गिरावीनचे मंत्रीसाहेब

आमचे घरमालक एका देशाचे मंत्री होते, हे आम्हाला तिथे राहायला गेल्यावर तीन आठवड्यांनी कळलं, तेही रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या माणसाकडून.

गिरावीन या आमच्या सिडनीच्या उपनगरात कौन्सिलचा ट्रक दारासमोरचा खड्डा बुजवायला आला होता. घरमालक सूट-टाय घालून, हातात शाळेतल्या पोरांकडे असते तशी स्टीलची फूटपट्टी घेऊन फुटपाथवर उभे. डांबर पडलं की वाकायचे, पट्टी खुपसून बघायचे आणि वहीत काहीतरी टिपायचे. मी पॅरामॅटाला ऑफिसला निघालो होतो. केशरी जॅकेटमधला तो माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, "मेट, तुझे लँडलॉर्ड फार कडक आहेत. म्हणतात, मी मिनिस्टर होतो, इतक्या पातळ डांबरावर मी सही केली नसती."

"मग तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? आणखी एक थर टाकला."

देश आफ्रिकेतला, पूर्वेकडचा, लहानसा. नाव लिहीत नाही. त्यांची माणसं अजून तिथे आहेत आणि पुढे जे सांगायचं आहे त्याचा त्यांना व्हायचा तेवढा त्रास होऊन गेला आहे. रस्ते आणि पूल हे त्यांचं खातं. सरकार उलथलं तेव्हा ते देश सोडून निघाले आणि फिरत फिरत मुलीपाठोपाठ सिडनीला आले. मुलगी कॅसल हिलला डॉक्टर. तिच्याकडे चार बेडरूमचं घर होतं, पण हे राहायचे गिरावीनच्या जुन्या विटांच्या घरात, एकटे. मागच्या अंगणातल्या दोन खोल्या भाड्याने द्यायचे. त्या दोन खोल्यांत मी, बायको मानसी आणि सहा वर्षांची ओवी असे आम्ही तिघं.

ते मला ‘मिस्टर टेनंट’ म्हणायचे. ओवीला ‘मॅडम स्पीकर’, कारण ती कोणालाही मध्येच थांबवायची. आम्ही तोंडावर ‘सर’ म्हणायचो आणि घरात ‘मंत्रीसाहेब’. ओवी दोन्हीकडे एकच म्हणायची, ‘मिनिस्टर आजोबा’.

पहिल्याच दिवाळीला मानसीने फराळाचा डबा भरून दिला. दहा मिनिटांनी डबा परत. वरची एक चकली तेवढी काढून घेतलेली.

"आवडलं नाही का, सर?" मानसीने विचारलं.

"मॅडम, एक चकली हा पाहुणचार. डबा ही लाच. तुमचा करार जानेवारीत संपतोय, आणि भाडं वाढवायचं की नाही ते मला ठरवायचंय."

मानसीला राग यावा की हसू, ते कळेना. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते सूट घालून पुन्हा दारात. "काल ज्याचा पाहुणचार झाला, तो पदार्थ अजून शिल्लक आहे का?" असं करत दिवाळीभर त्यांनी डबाभर चकल्या खाल्ल्या. एका वेळी एक, उभ्या उभ्या. जानेवारीत भाडं रीतसर वाढवलं.

बोलण्याचा त्यांना सोस होता, पण गप्पा मारण्याचा नव्हता. अंगणात कपडे वाळत घालताना माणूस सापडला की सुरू व्हायचे. विषय एकच, देश कसा चालवावा. "विकास म्हणजे काय, मिस्टर टेनंट? नळाला पाणी येणं? नाही. पाणी आलं नाही तर कोणाला जाऊन विचारायचं हे बाईमाणसाला ठाऊक असणं, आणि विचारल्यावर तिला कोणी हाकलून न देणं." कधी म्हणायचे, "आमच्याकडे फीत कापायला पंधरा मंत्री येत. गटार तुंबलं की सगळे दौऱ्यावर." आणि एक वाक्य ते वरचेवर, काही संबंध असो वा नसो, म्हणायचे, "चोर मंत्री देश लुटतो, पण भित्रा मंत्री देश बुडवतो. चोराला निदान पकडता येतं." मला वाटायचं, हे कुठल्यातरी सहकाऱ्याबद्दल असणार.

मग कोविड आला. मार्चमध्ये दुकानांतून आधी टॉयलेट पेपर आणि मग आटा गायब झाला. गिरावीनची निम्मी वस्ती आपली, भारतीय; तिथे आटा गायब म्हणजे काय, ते गिरावीनमध्ये राहिल्याशिवाय कळायचं नाही. आमचा नेहमीचा दुकानदार भला माणूस. मला बघून त्याने डोळ्याने खूण केली, मागच्या खोलीत नेलं आणि दहा किलोची पिशवी हातात दिली. "आपके लिये रखा था." मी खुशीत घरी आलो. मंत्रीसाहेब गेटजवळ पत्रांची पेटी बघत होते.

"आटा संपलाय असं ऐकलं होतं."

"संपलाच आहे, सर. ओळखीचा आहे तो. आमच्यासाठी मागे ठेवला होता."

ते मनापासून खूश झाल्यासारखे पुढे आले. "अभिनंदन, मिस्टर टेनंट! तुम्ही आता सरकारच्या जवळचे झालात."

एवढं बोलून ते आत गेले. शेजारच्या घरात चार मुली राहायच्या, आंध्रच्या, शिकायला आलेल्या. त्यांची कामं सुटली होती हे आम्हाला माहीत होतं. अर्धा आटा मी त्यांना नेऊन दिला. बाकी अर्ध्याच्या पोळ्या आम्ही खाल्ल्या आणि खोटं कशाला सांगू, त्या गोडच लागल्या.

दुसऱ्या वर्षीचा लॉकडाउन लांबला आणि शहराच्या पश्चिमेला, आमच्या बाजूला, जास्त कडक होता. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर. टीव्हीवर मात्र समुद्रकिनाऱ्यावर फिरणारी माणसं दिसायची. मंत्रीसाहेबांना त्याचं नवल नव्हतं. "प्रत्येक राजधानीला एक पश्चिम असते," म्हणाले. रोज अकराला सरकारची पत्रकार परिषद लागायची. ती ते टाय बांधून बघायचे आणि बोलणाऱ्याला मार्क द्यायचे. एकदा मला वही दाखवली. एका दिवशी दहापैकी चक्क आठ.

"काय विशेष केलं, सर?"

"एका प्रश्नाला ‘मला माहीत नाही’ असं उत्तर दिलं. खुर्चीत बसून हे म्हणणं फार कठीण असतं. मला कधी जमलं नाही."

ऑगस्टमध्ये एका सकाळी ते आमच्या दारात आले. त्यांच्याकडे एक ईमेल आली होती आणि ती छापून हवी होती. छापताना मी वाचली. वाचायला नको होती, पण प्रिंटरमधून कागद उलटा येत नाही.

त्यांच्या देशात नवं सरकार आलं होतं आणि त्याने एक चौकशी समिती नेमली होती. पंचवीसेक वर्षांपूर्वी नदीवरचा एक पूल पडला होता. बाजाराला निघालेली बस त्याच्याबरोबर नदीत गेली. त्या वेळी साइटवरच्या इंजिनियरला दोषी धरून तुरुंगात घातलं होतं. आता त्या इंजिनियरच्या मुलीने प्रकरण पुन्हा उघडायला लावलं होतं. समिती माजी मंत्र्यांना विचारत होती, आपल्याला काही सांगायचं आहे का? सक्ती नव्हती. व्हिडिओवर सांगितलं तरी चालेल.

कागदाची घडी करून खिशात ठेवत ते म्हणाले, "मिस्टर टेनंट, माझं इंटरनेट बरं नाही. तुमचं टेबल मला एका दुपारी मिळेल का?"

मी हो म्हणालो. ते काय सांगणार आहेत हे मी विचारलं नाही.

त्यातलं थोडंफार त्यांच्या मुलीकडून कळलं. ती आठवड्यातून एकदा वडिलांचा किराणा गेटवर ठेवून जायची. त्या दिवशी मास्क लावून गेटबाहेर उभी राहिली आणि मलाच बोलावलं.

"तुम्ही लॅपटॉप लावून देणार आहात ना? प्लीज, नका लावू. नेट बंद आहे म्हणा. त्यांना त्यातलं काही कळत नाही."

"पण त्यांनी काही वाईट तर केलेलं नाही ना? ते कधी पैशाला शिवले असतील असं वाटत नाही."

"नाहीच शिवले!" तिचे डोळे भरून आले. "तेवढंच तर आहे आमच्याकडे. घर गेलं, जमीन गेली, नाव राहिलं. गावातल्या शाळेला त्यांचं नाव आहे. माझे काका अजून तिथे राहतात. आणि आता बाबा म्हणतात, मी सगळं सांगणार. सगळं म्हणजे काय ते मलाही सांगत नाहीत. त्यांचं वय झालंय. कोणी काही म्हणणार नाही, ते गप्प राहिले तर."

मी घरात येऊन मानसीला सांगितलं. खरं सांगायचं तर मला त्या मुलीचं पटलं होतं. मोडेमची वायर काढायला किती वेळ लागतो?

मानसी भांडी घासत होती. मागे न बघता म्हणाली, "काढायची तर काढ. पण मग रोज सकाळी त्याच अंगणातून जायचंय तुला, त्यांच्यासमोरून."

"अगं, पण तिचे काका..."

"ते त्यांना माहीत नाहीत का? तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. तू मध्ये कोण?"

ठरलेल्या दिवशी दुपारी चारला, म्हणजे तिकडच्या सकाळी नऊला, ते आले. राखाडी सूट, गडद टाय आणि पायात घरातल्या सपाता. मी लॅपटॉप लावून दिला, खाली पुस्तकं रचून कॅमेरा चेहऱ्यासमोर आणला आणि जायला निघालो. त्यांनी खुर्ची दाखवली. "बसा. ते बंद पडलं तर?"

मानसी ओवीला घेऊन आतल्या खोलीत गेली. पडद्यावर तीन माणसं. मधोमध एक वयस्क न्यायाधीश बाई. त्यांच्या मागे पंखा फिरत होता.

मंत्रीसाहेब कागद न बघता बोलले. त्यांचं अंगणातलं भाषण मी दोन वर्षं ऐकत होतो. हा आवाज तो नव्हता. एकेक वाक्य सांगत होते, साधं.

पूल सुरू व्हायच्या आठ दिवस आधी इंजिनियर त्यांच्या ऑफिसात आला होता. खिशातून रुमाल काढून त्याने टेबलावर उघडला. आत काँक्रीटचा तुकडा होता. त्याने तो बोटांनी दाबला आणि त्याचा भुगा झाला. म्हणाला, साहेब, हा तिसऱ्या खांबातला आहे. पूल उघडू नका. त्याने तसं लेखी पत्रही दिलं. पण राष्ट्राध्यक्षांच्या येण्याची तारीख ठरली होती आणि कंत्राटदार त्यांच्या घरातला.

"मी त्याला म्हणालो, नंतर बघू. पत्र खणात टाकलं. रुमाल तो परत घेऊन गेला. टेबलावर पडलेला भुगा मी स्वतः झटकला."

आत कुकरची शिट्टी झाली. मानसी धावत जाऊन गॅस बंद करताना ऐकू आली. न्यायाधीश बाई थांबल्या. मंत्रीसाहेब म्हणाले, "माफ करा, इथे रात्रीच्या जेवणाची तयारी चालू आहे," आणि पुढे बोलू लागले.

दुसऱ्या पावसाळ्यात पूल पडला. चौकशी झाली. मंत्र्यांना एकच प्रश्न विचारला गेला, इंजिनियरने तुम्हाला सावध केलं होतं का?

"मी म्हणालो, मला आठवत नाही. त्याच्याकडे पत्राची प्रत नव्हती. तो सहा वर्षं आत राहिला."

"आपल्याला या कामात काही मिळालं होतं?" बाईंनी विचारलं.

"नाही. मी आयुष्यात एक नाणंही घेतलं नाही. म्हणूनच माझ्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला आणि त्याच्यावर कोणी ठेवला नाही."

बाई बराच वेळ लिहीत होत्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी आता का?"

"बाईसाहेब, तेव्हा मी म्हणालो होतो आठवत नाही, पण मला सगळं आठवत होतं. आता मला खरोखरच विसरायला होतं. गेल्या महिन्यात मी माझ्या बायकोचं नाव विसरलो होतो, एक सकाळभर."

कॉल संपला. ते उठले, मानसीला टेबलाबद्दल थँक्यू म्हणाले आणि अंगण ओलांडून आपल्या घरात गेले. नेहमी टेकत नसत, पण त्या दिवशी कपडे वाळत घालायच्या खांबाला हात टेकून थोडा वेळ उभे राहिले.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. त्यांच्या भावाचा फोन आला, तो आम्हाला आमच्या खोलीत ऐकू आला. भाषा कळत नव्हती, ओरडणं कळत होतं. तिकडच्या शाळेवरचं नाव पुसलं गेलं. एरवी रविवारी त्यांचा फोन तासभर चालायचा, तो बंद झाला. मुलगी किराणा ठेवून हॉर्न वाजवायची आणि निघून जायची. मंत्रीसाहेब सूट घालून पत्रांची पेटी बघायला जात राहिले, पण अंगणातली भाषणं थांबली. ओवीला ते कळेना. ती एकदा दारात जाऊन म्हणाली, "मिनिस्टर आजोबा, व्हाय आर यू नॉट टॉकिंग?"

"सभागृह तहकूब आहे, मॅडम स्पीकर," एवढंच म्हणाले.

मी एक दिवस धीर करून त्यांना सांगितलं की, तुमच्या मुलीने मला नेट बंद करायला सांगितलं होतं आणि मी जवळजवळ केलं असतं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"तिने मला वाचवायचा प्रयत्न केला. मुलींनी करायचाच असतो. तुम्ही का नाही केलं?"

"मानसीने करू दिलं नाही."

"मग तुमच्या घरात तरी कारभार नीट चालतो," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी हसले.

ऑक्टोबरमध्ये लॉकडाउन उठला. त्याच सुमारास समितीच्या कारकुनाचं पत्र आलं. इंजिनियर निर्दोष ठरला होता. त्याला मंत्रीसाहेबांशी बोलायचं होतं. पुन्हा आमचं टेबल, पुन्हा पुस्तकांची चवड. या वेळी त्यांनी मला बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. ते स्वतःही बसले नाहीत. पडद्यावर एक काटकुळा म्हातारा दिसला, झाडाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत, डोक्यावर विणलेली टोपी. शेजारी त्याची मुलगी फोन धरून उभी असावी, तिचा फक्त हात दिसत होता.

ते दोघं त्यांच्या भाषेत बोलले. बोलला तो इंजिनियरच जास्त. रागावला नव्हता आणि हसतही नव्हता. बोटाने हवेत काहीतरी मोजत होता. मंत्रीसाहेब उभ्या उभ्या मान हलवत होते. पाच-सात मिनिटांत संपलं.

"काय म्हणाले, सर?" मला राहवलं नाही.

"म्हणतो, तिसरा नव्हे, चौथा खांब." ते खुर्चीवर बसले. "पूल कुठल्या काठावरून मोजायचा तेही मला कधी कळलं नाही म्हणतो. कागदोपत्री चूक राहायला नको, दुरुस्ती पाठव."

"आणखी काही?"

"माफ केलं असं म्हणाला नाही. मीही विचारलं नाही." त्यांनी टाय सैल केली. दोन वर्षांत मी ते पहिल्यांदा बघत होतो. "टाइप करा. मी सांगतो."

त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. चार ओळींचं पत्र त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. पाठवल्यावर विचारलं, "गेलं?" मी म्हणालो, गेलं. मानसीने चहा आणला. चहा पिताना ते त्या नदीबद्दल बोलले. लहानपणी ती होडीने ओलांडायची, होडीवाला बकरीचं भाडं माणसापेक्षा जास्त घ्यायचा, कारण माणूस सांगितलं तर गप्प बसतो. दोन वर्षं देश देश ऐकला होता, पण त्यात नदी पहिल्यांदाच आली.

मुलीने त्या आठवड्यात गेट उघडलं. नुसता हॉर्न वाजवला नाही, आत आली. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. ती दोन तास होती आणि जाताना तिने वाळत घातलेले वडिलांचे शर्ट काढून घड्या करून ठेवले.

पुढच्या वर्षी विमानं सुरळीत झाली तेव्हा ती त्यांना घेऊन तिकडे गेली. निघायच्या दिवशी मी बॅग गाडीत ठेवत होतो. तेव्हा त्यांनी इंजिनियरच्या बोलण्यातलं राहिलेलं सांगितलं. त्याच जागी आता नवा पूल झाला होता. इंजिनियरने म्हटलं होतं, ये, तो पूल तुला दाखवतो. पण त्यावरून आधी तू चालायचं.

दोन आठवड्यांनी मानसीच्या फोनवर फोटो आला, मुलीने काढलेला. लांब, नवाकोरा पूल, खाली गढूळ पाणी. मंत्रीसाहेब सूट घालून पुलाच्या बरोबर मध्यावर उभे आहेत, हात बाजूला, फोटोसाठी उभं राहतात तसे. आणि पार मागे, पूल जिथे सुरू होतो तिथे, विणलेली टोपी घातलेला एक काटकुळा म्हातारा मातीवरच उभा आहे. त्याने अजून पाय टाकलेला नाही.